अजगराला घर बांधायचं तर…

मुलांनो, हिंगोलीहून वाशीमला जाणाऱ्या एस.टी.त बसलात, की वाटेत कनेरगाव नाका लागतो. गाडी थांबते, दोन-चार माणसं उतरतात, चार-सहा चढतात आणि गाडी निघते. बहुतेकांना आमचं गाव एवढंच माहीत! पण गावाच्या नावात हा ‘नाका’ का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर थोडं थांबा. १९४७ सालापर्यंत इथून पुढचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होता आणि अलीकडचा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. म्हणजे सोयऱ्याच्या गावी जायचं तरी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचं! राज्यं गेली, पण हद्द राहिलीच. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. अलीकडे हिंगोली जिल्हा (तो १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला), पलीकडे वाशीम. आणि इथेच वाहते आमची पैनगंगा. पावसाळ्यात ती फुगली, की हिंगोली-वाशीम रस्ता बंद पडतो, मग आम्हीही इकडचे इकडेच.

नदीकाठ म्हटला की काळी जमीन आली. सोयाबीन, तूर, हळद आली. बांधावरचे दगड, बिळं, उंदीर आले. आणि उंदीर आले म्हणजे साप आलेच!

मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवतो. सोयाबीनची काढणी चालली होती तेव्हाची गोष्ट. नदीच्या बाजूला एका शेतात अजगर निघाला. सगळं गाव लोटलं. वन विभागाची माणसं आली, त्यांनी तो अलगद पोत्यात घातला आणि जंगलात सोडायला नेला. गोष्ट इथे संपली असं मोठ्या माणसांना वाटलं. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाचवीतली तीन पोरं माझ्यापुढे उभी.

“सर, पुन्हा निघाला तर आपुन पाळू त्याला. घर आम्ही बनवतो.”

त्यांची तयारी जोरात होती. एकाच्या काकांचं किराणा दुकान बंद झालेलं, त्यातलं काचेचं कपाट पडून होतं. दुसऱ्याकडे कोंबड्यांच्या खुराड्याची जुनी जाळी होती. तिसऱ्याने बल्ब आणि वायर आणायचं कबूल केलं होतं.

आता अजगर पाळता येत नाही, हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. आपल्या देशात १९७२ पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यांत जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, वाघाबरोबर अजगरही आहे. त्याला पकडून घरी ठेवलं, तर तीन ते सात वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पोरांचे चेहरे पडले. पण मी म्हणालो, “पाळता येणार नाही, पण घराचं माप काढायला कोण अडवतंय? आणा खडू.”

मग शाळेच्या व्हरांड्यात आम्ही अजगराचं घर आखायला बसलो.

आपल्याकडचा वाढलेला अजगर सहज दहा फुटांचा असतो. त्याहून मोठेही असतात. आम्ही आधी दहा फुटांचा अजगरच काढला, वळणं न देता, सरळ. मग त्याच्याभोवती चौकट. सापाला निदान एकदा पूर्ण ताणून पडता आलं पाहिजे, म्हणून लांबी दहा फूट, रुंदी त्याच्या निम्मी. उंचीही हवी, कारण अजगर झाडावर चढतो. त्यासाठी जाड फांदी आत टाकावी लागेल. काकांचं कपाट किती लांब होतं म्हणता? साडेतीन फूट! अजगर त्यात मावला असता, नाही असं नाही. पण मावणं वेगळं आणि राहणं वेगळं. एस.टी.त आपण मावतोच की!

खरी गंमत पुढे आहे. सांगा बरं, अजगराच्या घरात सगळ्यांत महत्त्वाची वस्तू कोणती? काच? जाळी? कुलूप? नाही. ऊन आणि सावली!

तुमचं-माझं शरीर जेवणातून उष्णता तयार करतं. थंडीतही ताप मोजलात तर सदतीस अंशांच्या आसपासच. सापाला हे जमत नाही. तो उष्णता बाहेरून घेतो. गार वाटलं की उन्हात जातो, गरम झालं की बिळात शिरतो. दिवसभर त्याची ही ये-जा चालू असते. म्हणून त्याच्या घराचं एक टोक उबदार हवं, साधारण तीस-बत्तीस अंशांचं आणि दुसरं टोक पाच-सहा अंशांनी गार. दोन्हीकडे लपायला जागा हवी, नाहीतर लपायच्या ओढीने तो नको त्या तापमानात बसून राहतो. खाल्ल्यावर तर ऊब हवीच. ती मिळाली नाही तर अन्न पचत नाही, पोटातच कुजायला लागतं आणि साप ते ओकून टाकतो.

आता ते काचेचं कपाट आठवा. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. काचेच्या बंद कपाटावर तासभर ऊन आलं तर आतला जीव भाजून मरेल. आणि हिवाळ्यात रात्री बल्ब लावून ठेवला नि वीज गेली तर? वीज जाणारच, तो प्रश्न आमच्या पोरांना समजावून सांगावा लागला नाही.

या उष्णतेच्या नियमाला अजगरानेच एक अपवाद काढला आहे. मादी अंडी घालते ती पन्नास-साठसुद्धा असू शकतात. त्यांच्याभोवती ती वेटोळं घालून बसते आणि दोन महिन्यांच्या आसपास बहुतेक वेळ उठत नाही. गारठा वाढला की ती अंगातले स्नायू पुन्हा पुन्हा आखडते, जणू हुडहुडी भरली आहे. त्या हालचालीने अंग तापतं आणि अंड्यांना ऊब मिळते. साप अंडी उबवतो हे युरोपातल्या विद्वानांना आधी खरंच वाटेना. १८४१ साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात एक मादी अशी बसली, तेव्हा व्हॅलेन्सिएन नावाच्या शास्त्रज्ञाने तिच्या वेटोळ्यात तापमापक ठेवून पाहिला. वेटोळ्यातलं तापमान बाहेरच्यापेक्षा चांगलंच जास्त भरलं. आमच्यातल्या एकीला ही गोष्ट इतकी आवडली, की तिने आमच्या खडूच्या अजगराखाली लगेच अंडी काढली. मग सरळ अजगर पुसून वेटोळ्याचा काढावा लागला!

पाण्याचं गणित तर पोरांनीच सोडवलं. अजगराला अख्खं बुडून बसायला आवडतं. चार फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट खोल असं टाकं धरलं, तर बारा घनफूट पाणी झालं. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर म्हणजे जवळजवळ तीनशे चाळीस लिटर. पंधरा लिटरच्या बादलीने तेवीस बादल्या. साप पाण्यातच घाण करतो, तेव्हा पाणी वरचेवर बदलायचं. “एप्रिल-मे महिन्यात?” मी विचारलं. कुणी काही बोललं नाही. त्या दिवसांत आमच्याकडे हंडाभर पाण्यासाठी आई किती लांब जाते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

खाणं मात्र स्वस्तात होतं. दोन-तीन आठवड्यांतून एखादी कोंबडी पुरते. नाही मिळाली तर काही महिनेही तो उपाशी काढू शकतो. “आजीच्या हायेत ना कोंबड्या,” असं एकाने सुचवलं. त्या आजींना मी ओळखतो. मी तो विषय वाढवला नाही.

राहिलं दार. खुराड्याची जाळी बाद, कारण साप बाहेर पडायची वाट शोधत तिच्यावर नाक घासतो, तोंड सोलवटतं आणि जखम चिघळते. भिंती गुळगुळीत हव्यात, फट एकही नको. डोकं शिरलं तिथून अंगही निघतं, असं समजायचं. आणि नुसतं सरकतं झाकण चालत नाही, कुलूपच हवं. दहा फुटी अजगर म्हणजे नुसता दोर आहे सगळा, स्नायूंचा!

कुलूप न लावल्यावर काय होतं, ते अमेरिकेला विचारा. तिथे लोकांनी आपल्या अजगराच्या भाऊबंदातला बर्मी अजगर हौसेने घरोघर पाळला. दुकानात मिळायचं ते हातभर पिल्लू. चार-पाच वर्षांत ते दहा-बारा फुटांचं झालं की घर पुरेना. काही निसटले, काही लोकांनी गुपचूप नेऊन सोडले. फ्लोरिडा राज्यात एव्हरग्लेड्स नावाची मोठी दलदल आहे. ती त्यांना मानवली. २०१२ साली शास्त्रज्ञांनी मोजदाद प्रसिद्ध केली, तेव्हा तिथे रॅकून हा प्राणी दिसण्याचं प्रमाण नव्व्याण्णव टक्क्यांनी घटलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेने या अजगराच्या आयातीवर बंदी घातली. पण दलदलीत शिरलेले हजारो अजगर आता बाहेर कसे काढायचे?

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग मी पोरांना विचारलं, “समजा, उद्या बांधावर हातभर लांब, तपकिरी, अंगावर गोल ठिपके असलेलं पिल्लू दिसलं. काय कराल?”

“अजगराचं पिल्लू! उचलू!” तिघंही एका सुरात.

माझ्या अंगावर काटा आला. मुलांनो, हे जरा सावकाश वाचा, आणि आई-बाबांनाही वाचून दाखवा. ते पिल्लू घोणस असू शकतं. घोणस हा आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांतला एक. नाग, मण्यार आणि फुरसं हे बाकीचे तीन. घोणशीचं अंगही जाड, रंगही तसाच, चालही सुस्त. अजगर समजून घोणस हातात घेतल्याने माणसं दगावली आहेत. घोणशीचे ठिपके साखळीसारखे रांगेत असतात आणि अजगराचे पट्टे वेडेवाकडे, हे पुस्तकात खरं आहे. चवताळली की ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते, हेही खरं. पण ती दर वेळी शिट्टी देईलच असं नाही, आणि ठिपके मोजत बसण्याइतकं जवळ आपण जायचंच कशाला? शिवाय ती अंडी घालत नाही, एका वेळी वीस-तीस जिवंत पिल्लं देते, आणि ती पिल्लं जन्मतःच विषारी असतात. तेव्हा ओळखायच्या भानगडीत न पडता मागे सरायचं, मोठ्या माणसाला सांगायचं आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. चावलाच, तर मांत्रिकाकडे नाही, बांधून-कापून नाही, चालवत नाही. वाहनातून सरळ सरकारी दवाखान्यात. प्रतिविषाचं इंजेक्शन तिथे असतं.

हे प्रतिविष ज्या विषापासून बनतं, ते मिळवण्यासाठीही साप ठेवावे लागतात. तामिळनाडूतले इरुला आदिवासी त्यांना कशात ठेवतात माहीत आहे? मडक्यात! १९७८ साली त्यांनी चेन्नईजवळ सहकारी संस्था काढली. सरकारच्या परवानगीने ते साप पकडतात, एकेक साप मातीच्या मडक्यात ठेवून तोंडाला कापड बांधतात, काही आठवडे थोडं थोडं विष काढतात आणि परत रानात सोडून देतात. मडकं आत गार आणि अंधारं, अगदी बिळासारखं. तीनशे रुपयांची वस्तू नाही, पण सापाच्या मनासारखी! अर्थात हेही घर पाहुण्याचं, कायमचं नव्हे.

अजगराचं कायमचं घर बघायचं तर पुण्याला जा. कात्रजला, सातारा रस्त्यावर, राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. तिथलं सर्पोद्यान १९८६ साली सुरू झालं. ते उभं करणारे नीलिमकुमार खैरे यांनी त्याआधी, जानेवारी १९८० मध्ये, एक अचाट काम केलं होतं. पुण्यात काचेच्या खोलीत ते ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले! छेडलं नाही तर साप उगाच चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. म्हणजे आमची पोरं सापासाठी काचेचं घर बांधायला निघाली होती आणि खैरे स्वतःच सापांच्या काचघरात जाऊन बसले होते. (तुम्ही असलं काही करू नका, हे सांगायला नकोच.)

आमची सहल तिकडे गेली तेव्हा तिघांनी खडूचं माप वहीत उतरवून आणलं होतं. अजगरापुढे बराच वेळ उभे राहून ते जागा, फांदी, पाणी, लपायची जागा अशी एकेक गोष्ट तपासत होते. अजगर ढिम्म. “सर, हा मेला का जिवंत?” एकाने काचेवर टिचकी मारायला हात उचलला, तो दुसऱ्यानेच धरला. सापाला आपल्यासारखे बाहेर कान नसतात, पण असे हादरे त्याला अंगभर कळतात.

तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा. ऊन यायला लागतं, तेव्हा अजगर सावलीतून उबेच्या टोकाकडे सरकताना दिसला तर दिसतो. पण बुधवारी जाऊ नका हं, त्या दिवशी प्राणिसंग्रहालय बंद असतं.