आधी रोटिफर, मग पिल्लं

क्लाउनफिशची अंडी मिळवण्यात फारसं कौशल्य नाही. जोडी जमली, पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांवर टिकलं आणि दिवे रोज ठरल्या वेळी लागले-विझले की मादी मातीच्या कुंडीला आतून अंडी चिकटवते. समुद्रफूल हवंच असंही नाही. पुढचं नर बघतो. परांनी पाणी हलवत राहतो, मेलेली अंडी तोंडाने वेचून काढतो. काच पुसायला हात घातला की मादी चावते; चावा दुखत नाही, पण दचकायला होतं.

आधी नारिंगी असलेली अंडी हळूहळू करडी होतात. आठवड्याभरात प्रत्येक अंड्यात दोन डोळे दिसतात. ते चांदीसारखे चमकू लागले की समजायचं, आज-उद्याच्या रात्री फुटणार, आणि तेही दिवे गेल्यावर तास-दोन तासांत. त्या संध्याकाळी कुंडी वेगळ्या टाकीत हलवतो. पाणी आईबापांच्याच टाकीतलं, आणि एअरस्टोनचे बुडबुडे अंड्यांना घासून जातील असे. नराचं काम आता त्यांच्याकडे. टाकीच्या बाजूंना काळा कागद लावतो, कारण पिल्लं उजेडाकडे धावतात आणि चकाकत्या काचेवर डोकी आपटत बसतात. पिल्लं हलवावी लागलीच तर ग्लासाने, पाण्यासकट. जाळी नाही.

पण खरं पाळायचं असतं ते पिल्लांचं खाणं असलेले सूक्ष्म जलजीव, म्हणजे रोटिफर. चार मिलिमीटरच्या पिल्लाच्या तोंडात आर्टेमिया या कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवाचं नुकतं जन्मलेलं पोरही मावत नाही. रोटिफर जेमतेम पाव मिलिमीटरचा, आणि संथ पोहणारा. जपानमध्ये ईल माशांच्या तळ्यांत तो एकेकाळी उपद्रव समजला जाई. 1960च्या सुमारास तोच माशांच्या पिल्लांचं अन्न म्हणून कामाला लागला. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपमला क्लाउनफिशचं प्रजनन बसवलं, तिथेही पिल्लांचा पहिला घास रोटिफरचाच.

पिल्लाजवळ शिदोरी अगदी थोडी असते, म्हणून सकाळी उजेड होताच त्याच्या नजरेसमोर खाणं हवं. नुसतं टाकीत असून भागत नाही. एका मिलिलिटरमध्ये दहाएक रोटिफर असले तर ठीक. पाठलाग करण्याची ताकद पिल्लात नाही. भिंगातून बघितलं तर पिल्लू रोटिफरसमोर थबकतं, शेपूट वाकवून अंग आखडतं आणि एकदम सुटतं. पहिल्या दिवशी नेम बरेचदा चुकतो. दुपारपर्यंत पारदर्शक अंगातलं पोट भरलेलं दिसलं की मी जेवायला बसतो.

रोटिफरला शैवाल हवं. पिल्लांच्या टाकीतही थोडं घालून पाणी फिकट हिरवं ठेवतो. त्यामुळे रोटिफर उपाशी राहत नाहीत आणि प्रखर उजेडही मवाळ होतो. रोटिफरची बादली मात्र बेभरवशाची. काल घट्ट भरलेली, आज फेस आणि कुबट वास. म्हणून विरजणासारखं थोडं कायम दुसऱ्या बरणीत राखून ठेवावं, आणि अंडी दिसायच्या आधीपासून. अंडी दिसल्यावर रोटिफर शोधत फिरणाऱ्यांची मला कीव येते.

पुढे आर्टेमिया सुरू होतो. साधारण आठव्या ते बाराव्या दिवसात पिल्लं तळाकडे उतरतात, रंग धरतात आणि डोळ्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो. याच वळणावर काही मरतात. अमोनिया सांभाळायचा, पाणी बारीक नळीने थेंबथेंब बदलायचं. त्यापलीकडे हातात फारसं काही नसतं.

काहींचे पट्टे अर्धवट राहतात. पट्टे उमटण्यात थायरॉइडच्या संप्रेरकांचा हात असतो. काही घराण्यांत ही खोड आनुवंशिक आहे, पण हॅचरीत अशी पिल्लं जास्त दिसतात, त्यामुळे माझा संशय संगोपनावरच जातो. बाजारात मात्र त्यांना ‘डिझायनर’ म्हणून चढा भाव. मला हे पटत नाही. तशी पिल्लं मी घरीच ठेवतो, त्यामुळे टाक्या वाढत चालल्यात. घरच्यांची तक्रार टाक्यांबद्दल नाही, फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवलेल्या शैवालाच्या बाटलीबद्दल आहे.