गवत, अक्षरं आणि १०८०पी

'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा खेळ १२७४ सालच्या मंगोल आक्रमणावर बेतलेला आहे. पण तो खेळून उठल्यावर माझ्या डोळ्यांसमोर राहतं ते गवत. पांढऱ्या तुऱ्यांचं, कमरेएवढं, वाऱ्याबरोबर एका अंगाला लवणारं. तो वारा नुसती सजावट नाही, पुढची वाट तोच दाखवतो. हा खेळ मराठीत बोलत बोलत रेकॉर्ड करायचा असं ठरवलं, तेव्हा माझा हट्ट एकच होता: बघणाऱ्याला ते गवत गवतासारखं दिसलं पाहिजे. रेझोल्यूशनचा सगळा विचार मला त्यापायी करावा लागला.

सुरुवात प्लेस्टेशन ५ च्या स्वतःच्या रेकॉर्डिंगनं केली. कंट्रोलरवरचं क्रिएट बटण दाबायचं की झालं. १०८०पी मिळतं, ४केही मिळतं. मात्र ४के हवं असेल तर फाइल वेबएम प्रकारात घ्यावी लागते. माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर ती उघडत नव्हतं, त्यामुळे दर वेळी आधी फाइल बदलून घेणं आलं. दिवाणखान्यातल्या टीव्हीवर ४के सुंदरच दिसायचं, त्यात वाद नाही. ४केच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख ठिपके असतात, १०८०पीमध्ये जेमतेम २१ लाख. एवढा फरक डोळ्यांना कळणारच. पण पुष्कळ खेळ सेकंदाला ६० फ्रेम देण्यासाठी मुळात कमी ठिपक्यांत चित्र काढतात आणि ते मोठं करून ४के म्हणून बाहेर पाठवतात. तिथे ४के रेकॉर्ड करून फाइलचा आकार तेवढा वाढतो, तपशील त्या मानानं वाढत नाही.

आणि आकार वाढतो म्हणजे किती? सेकंदाला ६० फ्रेमच्या १०८०पी व्हिडिओसाठी यूट्यूब १२ एमबीपीएस बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला तेवढा डेटा, सुचवतं. ४केसाठी हाच आकडा ५३ ते ६८ च्या घरात जातो. ६० धरला तर तासाभराचं फुटेज २७ जीबी. घरच्या इंटरनेटचा अपलोड वेग ४० एमबीपीएस असला तर नुसतं चढवायला दीड तास, तोही मध्ये वीज गेली नाही तर.

हे सगळं सोसायला माझी तयारी होती. विचार बदलला तो भाच्यामुळे. तो सांगोल्याला असतो आणि माझे व्हिडिओ फोनवर बघतो. दिवसाला दीड जीबीचा पॅक, त्यात अभ्यासाचे व्हिडिओही बसवायचे, म्हणून यूट्यूब कायम ४८०पीवर. एका रविवारी त्याचा फोन आला. "मामा, तुझं बोलणं ऐकू येतं रे, पण खाली जे लिहून येतं ते वाचताच येत नाही. आणि तो हिरो तलवार चालवतो तेव्हा सगळं घाण होतं."

त्याचा फोन हातात घेऊन ते 'घाण' मी नंतर स्वतः पाहिलं. खेळाचा नायक जिन गवतातून घोडा फेकत निघाला की एकेक तुरा नाहीसा होऊन तिथे पांढरे-करडे चौकोन उठतात. पातळ पिठल्यात गुठळ्या व्हाव्यात तसं. घोडा थांबला की दोन-तीन क्षणांत पुन्हा गवत उगवतं. कारण साधं आहे. व्हिडिओची फाइल प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच नोंदवते. निळं आकाश स्थिर असतं, ते स्वस्तात भागतं. हलणाऱ्या गवतात मात्र प्रत्येक पातं बदलतं, ते सगळं नोंदवायला बिट पुरत नाहीत आणि चित्राचा लगदा होतो. ठिपके कितीही वाढवा, बिटरेट अपुरा असेल तर लगदाच मोठा होणार.

बिटरेट स्वतःच्या हातात हवा, म्हणून मग कॅप्चर कार्डाकडे, म्हणजे खेळाचं चित्र संगणकात घेणाऱ्या उपकरणाकडे, वळलो. एका मित्राने त्याच्याकडचं स्वस्तातलं यूएसबी डोंगल दिलं. खोक्यावर ठळक ४के. बारीक अक्षरांत वाचलं तेव्हा कळलं की ४के फक्त आत घेतं; रेकॉर्ड होतं १०८०पी, तेही सेकंदाला ३० फ्रेम. यूएसबी २.० ची कमाल क्षमता ४८० एमबीपीएस, आणि १०८०पीचं न दाबलेलं चित्र सेकंदाला ६० फ्रेमनं पाठवायचं तर दोन हजारांच्या आसपास लागतात. त्यामुळे ते आधीच चित्र दाबून टाकतं. तेच डोंगल ७२०पीवर ६० फ्रेम देत होतं, आणि तलवारबाजीसाठी मला तेच जास्त आवडलं. शत्रूच्या शस्त्रावर लाल चमक उठली की वार अडवता येत नाही, बाजूला व्हावं लागतं. ही चमक क्षणभराची असते. ३० फ्रेमला दोन चित्रांत ३३ मिलिसेकंदांचं अंतर पडतं, ६० ला सतराच्या आत. माझ्या व्हिडिओवरून कुणाला ती वेळ शिकायची असेल, तर फ्रेम आधी, ठिपके नंतर, हे माझं ठाम मत आहे.

पुढे यूएसबी ३.० चं बरं कार्ड घेतलं. ते जोडताना प्लेस्टेशनच्या एचडीएमआय सेटिंगमधलं एचडीसीपी, म्हणजे कॉपी रोखणारं संरक्षण, बंद करावं लागतं, नाहीतर नुसता काळा पडदा दिसतो. आता १०८०पी, ६० फ्रेम, एचडीआर बंद, आणि ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४० एमबीपीएस असं रेकॉर्ड करतो. एडिट झाल्यावर तेच १४४०पीपर्यंत मोठं करून चढवतो, कारण मोठ्या व्हिडिओला यूट्यूब सहसा अधिक चांगलं, व्हीपी९ पद्धतीचं कॉम्प्रेशन देतं. भाच्यासाठी खेळातल्याच सेटिंगमधून सबटायटल मोठी केली. त्याला ४८०पीवर ती वाचता येतात, आणि माझ्या दृष्टीनं या सगळ्या खटाटोपात हे सगळ्यात मोलाचं काम झालं.

'राजी' या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेल्या खेळाची गोष्ट वेगळी. त्यातले कठपुतळ्यांच्या सावल्यांचे प्रसंग सपाट रंगांचे, ते ४८०पीवरसुद्धा स्वच्छ दिसतात. पण एरवी कॅमेरा इतका लांब असतो की नायिका राजी स्वतः फोनवर बोटाच्या पेराएवढी. तिथे एडिट करताना लढाईचा भाग मी कापून जवळ आणतो, आणि कापायला ठिपके हाताशी असावेत म्हणून तो एकच खेळ ४केमध्ये घेतो. त्सुशिमाच्या कृष्णधवल कुरोसावा मोडला मात्र अजून उपाय सापडलेला नाही. त्यात जुन्या फिल्मसारखे दाणे सतत पडद्यावर नाचत असतात, दर फ्रेमला नवे. ४० चे ८० एमबीपीएस करून पाहिले. माझ्या संगणकावर छान दिसतं, यूट्यूबवर गेलं की दाणे पुसले जातात.