टुपाकच्या पश्चात

अमेरिकी रॅपर टुपाक शकूर १३ सप्टेंबर १९९६ रोजी लास व्हेगासमध्ये गेला. सहा दिवस आधी तिथल्या रस्त्यावर त्याच्या गाडीवर गोळीबार झाला होता. वय अवघे २५. हयातीत त्याच्या नावावर चार स्टुडिओ आल्बम होते. मृत्यूनंतर निघालेले त्याहून अधिक भरतात, आणि संकलने निराळीच. त्याच्या चाहत्यांमध्ये या मरणोत्तर आल्बमांवरून जुना तंटा आहे. काहींना त्यात केवळ धंदा दिसतो, तर काहींना त्याच्या आवाजाचा प्रत्येक तुकडा हवा असतो. मागे राहिलेले काम लोकांपुढे यावे, याच मताचा मी आहे. पण त्या कामाला हात कुठवर लावायचा, याला एक मर्यादा आहे. गेलेला रॅपर त्याच्या काळात आणि त्याच्या शब्दांत राहिला पाहिजे. टुपाकच्या बाबतीत ती मर्यादा पाळली गेल्याचेही पुरावे आहेत आणि मोडली गेल्याचेही.

नोव्हेंबर १९९७ मध्ये ‘आर यू स्टिल डाउन?’ हा दुहेरी आल्बम आला. तो काढला टुपाकच्या आईने. अफेनी शकूर या ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्या. (याच पक्षावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले.) पक्षाच्या सदस्यांवर न्यूयॉर्कमध्ये चाललेल्या खटल्यात त्या वकील न घेता स्वतः लढल्या, निर्दोष सुटल्या आणि त्यानंतर सुमारे महिन्याभराने टुपाक जन्मला. मुलाच्या मृत्यूनंतर त्यांनी अमारू एंटरटेनमेंट ही कंपनी उभी केली आणि डेथ रो या मुद्रण कंपनीत जाण्याआधीची त्याची ध्वनिमुद्रणे बाहेर काढली. त्यातले ‘आय वंडर इफ हेवन गॉट अ गेटो’ हे गाणे लक्ष देऊन ऐकावे. त्यात रस्त्यावर पोलिसांचा बेदम मार खाल्लेल्या रॉडनी किंगचे नाव येते, आणि लताशाचेही. लताशा हार्लिन्स ही लॉस एंजेलिसमधली १५ वर्षांची मुलगी. मार्च १९९१ मध्ये संत्र्याच्या रसाच्या एका बाटलीवरून दुकानदार बाईने तिला गोळी घातली. त्या बाईला दोषी ठरवूनही न्यायालयाने तुरुंगात पाठवले नाही. टुपाक हे सगळे दोन-चार ओळींत बोलून जातो, कारण त्याच्या श्रोत्यांना ते सांगावे लागत नव्हते. त्या वर्षांची धग त्या ओळींत आहे तशी आहे.

वर्षभराने, नोव्हेंबर १९९८ मध्ये, ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हे संकलन आले. २५ गाणी, त्यातली चार आधी न निघालेली. त्या चारांतल्या ‘चेंजेस’ने त्याला जगभर पोहोचवले. गाण्याखाली ब्रूस हॉर्न्सबीच्या १९८६ च्या ‘द वे इट इज’मधला पियानो आहे. मुद्रण १९९२ च्या सुमाराचे, पण त्याला अंतिम रूप दिले गेले १९९८ साली, म्हणजे तेही दुसऱ्यांच्या हातून गेलेले. मग हे मला कसे चालते? कारण कडव्यांतले म्हणणे त्याचेच राहिले. आधीच्या वर्षी निघालेल्या ‘आय वंडर इफ हेवन गॉट अ गेटो’मधल्या काही ओळी इथेही सापडतात. म्हणजे एका गाण्यासाठी लिहिलेल्या ओळी तो दुसऱ्यात लावून पाहत होता. हा कलावंत काम कसे करत होता, हे हयातीतल्या एकाही आल्बममधून इतके उघड दिसत नाही. देश अजून काळा राष्ट्राध्यक्ष स्वीकारायला तयार नाही, असेही तो यात म्हणतो. २००८ मध्ये बराक ओबामा निवडून आले. ते वाक्य आता काढून टाकावे, असे कोणाच्या मनात आले तर त्याला विरोध केला पाहिजे. १९९२ साली एका तरुण काळ्या माणसाला काय अशक्य वाटत होते, याची ती साक्ष आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, जे त्याने स्वतः बाजूला ठेवले ते त्याला नकोच असेल. पण एखादे गाणे टाकून दिले म्हणून मागे राहते, तसेच कंपनी बदलली, मध्येच तुरुंगवास आला म्हणूनही राहते. टुपाकच्या आयुष्यात यातले सगळे घडले. शेवटच्या वर्षी तर तो झपाटल्यासारखा मुद्रण करत होता. त्यातले आपण होऊन नाकारलेले किती, हे आता ठरवता येणार नाही. म्हणून ते कच्चे काम म्हणूनच यावे, केव्हा मुद्रित झाले त्या वर्षासह आणि नंतर कोणी काय जोडले त्या नोंदीसह. पैशाचा आक्षेप मला तितका जड वाटत नाही. आईने मुलाच्या गाण्यांवर मिळवलेल्या पैशातून जॉर्जियात त्याच्या नावाचे कलाकेंद्र उभे राहिले, आणि तसे ते राहिले नसते तरी पैसा मुद्रण कंपनीपेक्षा आईकडे जाणेच योग्य होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हिप हॉप ही मुळातच कापण्या-जोडण्याची कला आहे. इतरांच्या तबकड्यांतले तुकडे घेऊनच ती वाढली, मग टुपाकचा आवाज तेवढा सोवळा का? पण या कलेत बीट उसना चालतो, शब्द उसने चालत नाहीत. दुसऱ्याकडून लिहून घेणाऱ्या रॅपरला तिथे कमी लेखतात. डिसेंबर २००४ चा ‘लॉयल टू द गेम’ ऐकताना हाच फरक कानाला खटकतो. या आल्बमचे बहुतेक संगीत रॅपर एमिनेमचे आहे. त्याचे टुपाकवरचे प्रेम खरे होते, याबद्दल मला शंका नाही. पण नव्या बीटवर बसवण्यासाठी त्याने टुपाकच्या आवाजाची पट्टी आणि गती बदलली. टुपाक आपल्याच आवाजाचे थर एकावर एक चढवत असे. शब्दांच्या शेवटी ते थर किंचित मागेपुढे होत, आणि त्याच्या बोलण्याला येणारा भार तिथून येई. गती बदलली की त्याने कुठे श्वास घेतला आणि कुठे दम धरला, हेच हरवते. त्याहून वाईट म्हणजे, अक्षरे कापून-जोडून त्याच्या तोंडी जी-युनिटचे नाव घातले गेले. ५० सेंट या रॅपरचा तो गट टुपाकच्या हयातीत अस्तित्वातच नव्हता. पोथीच्या अभ्यासकाने असा मजकूर प्रक्षिप्त ठरवला असता. याच आल्बममधले ‘गेटो गॉस्पेल’ २००५ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, हे मला कोणी ऐकवेल. पण गाणे खपले म्हणून त्या अक्षरांचा धनी बदलत नाही.

पुढचे याच वाटेने गेले. एप्रिल २०१२ मध्ये कोचेला महोत्सवाच्या रंगमंचावर टुपाकची प्रकाशप्रतिमा उभी राहिली आणि तिने महोत्सवाचे नाव घेऊन गर्दीला साद घातली. तो महोत्सव सुरूच झाला टुपाकच्या मृत्यूनंतर, १९९९ मध्ये. एप्रिल २०२४ मध्ये रॅपर ड्रेकने एका गाण्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला टुपाकचा आवाज दुसऱ्या रॅपरशी चाललेल्या आपल्या भांडणात वापरला. टुपाकच्या वारसांच्या वकिलाने नोटीस धाडली आणि ड्रेकला ते गाणे मागे घ्यावे लागले. ते योग्यच झाले. पण २००४ च्या आल्बमला आणि २०१२ च्या प्रतिमेला अफेनींची संमती होती, हेही विसरता येत नाही. वारसांनी होकार दिला की कायदा समाधानी होतो. माझे समाधान तेवढ्याने होत नाही. अफेनींचा शोक आणि त्यांचा हक्क दोन्ही मी मानतो, तरीही मुलाने न उच्चारलेले नाव त्याच्या तोंडी घालण्याची मुभा त्या हक्कात येत नव्हती.