घरचा पत्ता

दिवाळीच्या सुट्टीत मी एक नसता उद्योग केला.

आमच्या घरी जिन्याखाली एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. अण्णांनी तो माझ्या दहावीच्या वर्षी एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून घेतला. त्यावर आजीच्या जात्यावरच्या ४१ ओव्या आहेत. ती असताना मी फोनवर मुद्रित केलेल्या. मधेच ती मला "पीठ बारीक पडतंय का बघ" म्हणते, तेही त्यात आहे. घाटकोपरची आत्या रात्री कामे आटोपली की त्या ऐकते. व्हॉट्सॲपवर पाठवल्या होत्या. पण तिचा फोन भरला की नातवंडे आधी त्याच पुसत. म्हणून थोडे जादा पैसे भरून आम्ही इंटरनेटवाल्याकडून बाहेरचा कायमचा पत्ता घेतला.

संगणक मंदावला म्हणून मी उबंटू नव्याने बसवले. ओव्या आधी पेन ड्राइव्हवर उतरवल्या होत्या, त्या जागच्या जागी ठेवल्या. अपाची चालू केला, तिथेच पान उघडून पाहिले. उघडले. मी निर्धास्त झोपलो.

तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. "आईला बंद केलंस का रे?"

मी तिला फोन बंद करून चालू करायला सांगितले. दोष तिच्याच फोनचा, अशी माझी खात्री होती. कॉलेजात जाणाऱ्याला अशी खात्री फार लवकर होते!

मग घरचे वायफाय सोडून मोबाइलच्या डेटावर पाहिले, तर पान येईना. वायर बदलली. अपाची पुन्हा बसवला. अण्णा बॅटरी धरून उभे होते. "चालतं होतं ते कशाला मोडलंस?" एवढेच ते म्हणाले, पण ते मला फार लागले.

रात्री दीडला उलगडा झाला. बाहेरून आलेली विचारणा राउटर घरातल्या एका ठरावीक पत्त्याकडे, १९२.१६८.१.१० कडे, धाडतो. तो पत्ता मीच पूर्वी संगणकाला नेमून दिला होता, आणि ती नोंद जुन्या सिस्टिमबरोबर पुसली गेली. नव्या सिस्टिमने राउटरकडे पत्ता मागितला. राउटरने मोकळा होता तो दिला, १०२. आजी घरातच होती, आणि राउटर तीन दिवस दुसऱ्याच दारावर थाप मारत होता.

नेटप्लॅनच्या फाइलीत जुना पत्ता लिहिला. तीत ओळीआधीची मोकळी जागा चुकली की सारेच नाकारले जाते. टॅब तर चालतच नाही. शुद्धलेखनात मार खाल्लेला मी, दोनदा चुकलो. 'नेटप्लॅन ट्राय' ही आज्ञा १२० सेकंद वाट पाहते, होकार न दिल्यास जुनी मांडणी परत आणते. मी होकार दिला.

सकाळी आत्याला फोन लावला. ती काही बोललीच नाही. पलीकडून जात्याची घरघर तेवढी ऐकू आली.

अण्णांनी दुधाच्या हिशेबाचे कॅलेंडर खाली काढले. "तो आकडा यावर लिही," म्हणाले, "मोठा लिही."