काकांना कुणी विचारलं?

"वेड लागलंय का? येरवड्याला पाठवू का?" हे वाक्य आपल्या होस्टेलमध्ये दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येतं. सबमिशनच्या आठवड्यात तर वीस वेळा! येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यात मराठवाडा नाही, तरी बीडच्या पोरांच्या तोंडी येरवडाच. गेल्या वर्षी माझ्या सख्ख्या काकांना दाखल करायची वेळ आली, तेव्हापासून मला त्या विनोदावर हसू येत नाही.

काका केज तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात. दोन एकर कोरडवाहू, आणि दिवाळीच्या सुमारास काकूबरोबर ऊसतोडीला. पावसाळ्यात त्यांची झोप उडाली. मुकादम विहिरीत विष टाकतोय, असं म्हणायला लागले. आधी देवऋषी झाला, मग अंगारा. एका रात्री ते हातात कोयता घेऊन अंगणात उभे राहिले, तेव्हा शेजाऱ्यांनी धरून त्यांना गोठ्यात दाव्यानं बांधलं. तीन दिवस! चौथ्या दिवशी "पंढरपूरला जाऊ" असं सांगून बाबांनी त्यांना जीपमध्ये बसवलं आणि थेट दवाखान्यात नेलं.

मी कॉन्व्हेंटची. घरात त्याचा उपयोग एकच, इंग्रजी कागद आला की माझ्यापुढे. (या लेखातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच खात्यात मांडाव्यात.) फॉर्मवर लिहिलं होतं, 'सपोर्टेड ॲडमिशन'. आजीला म्हटलं, आधार देऊन दाखल करणं. आजी म्हणाली, "आधार कुनाला गं? त्याला का आपल्याला?"

उत्तर देता येईना, म्हणून कायदाच वाचायला घेतला. इंग्रजांच्या 1912च्या कायद्याचं नावच मुळी ल्युनसी ॲक्ट. त्यानंतर 1987चा कायदा आला. या दोन्हींत मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं माणूस आत जाई. आताचा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017चा, लागू झाला 29 मे 2018 रोजी. त्याचं कलम 89 म्हणजे काकांचा फॉर्म. मनाविरुद्ध दाखल करायचं तर एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर, दोघांनी वेगवेगळं तपासायचं. माणसानं नुकतंच स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचा प्रयत्न केलेला असावा, धमकी दिलेली असावी, नाहीतर स्वतःची काळजी घेणंच त्याला जमत नसावं. शिवाय दुसरा सौम्य मार्ग उरलेला नसावा. आणि मुदत जास्तीत जास्त 30 दिवस. पुढं ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांनी नव्यानं तपासायचं आणि पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी घ्यायची. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना लगेच कळेल, हा वॉचडॉग टायमर आहे! ठरलेल्या वेळेत कुणी कारण दिलं नाही, तर कुलूप आपोआप उघडलं पाहिजे.

कलम 95 मात्र वाचून अंगावर काटा आला. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडात ठेवायला त्यात बंदी आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेले रुग्ण जागच्या जागी जळाले, 28 जण गेले. तरी 2019 साली उत्तर प्रदेशातल्या बदायूँच्या साखळदंडांवरून सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा तेच सांगावं लागलं. आजीला हे सांगितलं तर ती म्हणते, "साखळी कुठं व्हती? दावं व्हतं." मला राग आला, पण तिचंही काय चुकलं? घरात दोन लहान लेकरं आणि समोर कोयता. अशा माणसाला संरक्षणात घेऊन 24 तासांत सरकारी दवाखान्यात नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, असं कलम 100 म्हणतं. पण पोलीस आले की गुन्हा दाखल होतो, एवढंच आमच्या गावाला माहीत. अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथं डोक्याचे डॉक्टरही असतात, हेसुद्धा निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं.

काकूला भीती वेगळीच. ते तिथंच राहिले तर? भीती खोटी नव्हती. बरे होऊनही वर्षानुवर्षं आतच राहिलेल्या रुग्णांसाठी डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. बरे झालेल्यांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवू नका, असं जुलै 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रालाच बजावलं. टायमर आतल्या कुलपाला आहे, घराच्या दाराला नाही.

चोविसाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता ते स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकतात, नेऊ शकता. नेमका तेव्हाच मुकादम दारात. उचल घेतलेली, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या काकूचा अर्धा कोयता त्याला नको होता. बाबा म्हणाले, दिवाळीपर्यंत राहू दे तिथंच, औषधं तरी वेळेवर मिळतील. काकू काहीच बोलली नाही. काकांना काय हवंय, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

मी बाबांबरोबर भेटायला गेले. काका बारीक झाले होते, हात थोडे थरथरत होते. मला वाटलं, कोंडून ठेवल्याबद्दल बोलतील. ते बाबांना म्हणाले, "दादा, बांधलं त्याचं काय नाय, मी तसाच वागलो आसंन. पन पंढरपूरला नेतो म्हनलास. इठ्ठलाच्या नावानं खोटं बोललास."

बाबा खाली बघत राहिले. दोन दिवसांनी काका घरी आले. त्या वर्षी ते दोघं तोडीला गेले नाहीत, आणि उचल अजून फिटलेली नाही.

याच कायद्यात एक छान सोय आहे. पुढं कधी आजारी पडलो तर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत, आपल्या वतीनं कुणी बोलावं, हे माणसाला आधीच लिहून ठेवता येतं. संक्रांतीला गावी गेले तेव्हा काकांना ते समजावून सांगितलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. दावं लावायचं नाही. देवऋषी नको. दवाखान्यात न्यायचं तर दवाखान्यातच चाललोय असं सांगायचं. प्रतिनिधी म्हणून कुणाचं नाव घालू, असं मी विचारलं. दाखल करताना सही बाबांची होती आणि बाबा शेजारीच बसले होते. काकांनी काकूचं नाव सांगितलं.

मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "लिही की."

दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्यात. मंडळाकडे नोंदणी तेवढी राहिली आहे, परीक्षा संपली की जाणार आहे.