राखेचा बुधवार

धुळे-जळगावच्या कॅथलिकांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. माणूस मातीचा, मातीलाच मिळणार, याचे स्मरण देत धर्मगुरू तिने कपाळी क्रूस रेखतात. प्रारंभीच्या शतकांत राख उघड प्रायश्चित्त घेणाऱ्या पातक्यांपुरतीच होती. १०९१ च्या बेनेव्हेंतो धर्मसभेनंतर ती सर्वांच्याच माथी आली, आणि पापी तेवढा वेगळा ओळखू येण्याची सोय संपली. हा बदल लहान नव्हे.

भस्म जाणणाऱ्या खानदेशात या खुणेचा निम्मा अर्थ न सांगताच कळतो. उरलेला निम्मा, म्हणजे पश्चात्ताप, मात्र सांगावा लागतो.

होळी फाल्गुन पौर्णिमेची. ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठच्या रविवारी. त्यामुळे होळी बहुधा उपवासकाळातच पडते. २४ मार्च २०२४ रोजी तर झावळ्यांचा रविवार आणि होळी एकाच दिवशी आली: सकाळी चर्चमध्ये हिरव्या झावळ्या, रात्री चौकाचौकांत होळी. होळीची राख दुसऱ्याच दिवशी धुळवडीला कपाळी लागली. झावळ्यांची राख व्हायला ५ मार्च २०२५ उजाडावा लागला.