दगड झालेला गॉब्लिन

पहिले वीस-पंचवीस गॉब्लिन मी अगदी प्रामाणिकपणे रंगवले. कातडी हिरवी, झगा काळा, दात पिवळे, भाल्याचं टोक चंदेरी. एकही रंग रेषेबाहेर गेला नव्हता. टेबलावर रांगेत मांडले, चार पावलं मागे सरून पाहिलं, तर मोड आलेल्या मुगाचा ढीग! एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, पत्ता लागेना.

हात चुकला नव्हता, समज चुकली होती. वॉरहॅमरसारख्या, टेबलावर छोट्या मूर्तींनी खेळायच्या युद्धखेळातला माणूस साधारण २८ मिलिमीटर उंच असतो. गॉब्लिन त्याहून बुटका. खऱ्या माणसाच्या हनुवटीखाली, काखेत, कपड्याच्या चुण्यांत सावली पडते म्हणून तो भरीव दिसतो. बोटाच्या पेराएवढ्या सैनिकाची खाचच अर्ध्या मिलिमीटरची, तिची सावली ती केवढी! ती आपणच रंगवायची. पातळ केलेला गडद रंग वरून सोडला की तो आपसूक खोलात जाऊन बसतो. वाळल्यावर उंचवट्यांवर पुन्हा मूळ रंग, आणि अगदी कडेला त्याहून फिका. सैनिकाला रंग देणं हे निम्मंच काम आहे. त्याच्यावरचं ऊनही आपल्यालाच रंगवावं लागतं, आणि मी दोन वर्षं सगळी फौज बिनउन्हाची रंगवत होतो.

त्यातही काळा रंग छळतो. माझे गॉब्लिन 'नाईट गॉब्लिन' जातीचे, नखशिखांत काळ्या झग्यात आणि टोकदार टोप्यांत. काळ्यावर उजेड दाखवायचा तर राखाडी लागतो, आणि तो जरा जास्त झाला की झगाच राखाडी होऊन बसतो. मी काळ्यात थेंबभर निळसर हिरवा मिसळतो आणि चुणीच्या फक्त काठावरून केसाएवढी रेघ ओढतो. बाकी सगळं काळं सोडून देतो. हात आवरता येणं हेच त्यातलं कसब.

नवखा माणूस दुकानात जाऊन सगळ्यांत बारीक, तीन शून्यांचा ब्रश मागतो. मीही मागितला होता. त्याला पोटच नसतं. चिमूटभर रंग धरतो आणि टोक मूर्तीपर्यंत पोचेपर्यंत तो वाळतो. एक नंबरचा, भरल्या पोटाचा आणि अणकुचीदार टोकाचा ब्रश घ्यावा. डोळेसुद्धा त्यानंच काढता येतात. मे महिन्यात ठाण्याच्या उकाड्यात पंखा बंद करून बसावं लागतं, ते वेगळं. रंग ओले ठेवायला मी जेवणाचा जुना प्लास्टिकचा डबा वापरतो: तळाला ओला स्पंज, त्यावर बेकिंग पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग ताजे.

डोळ्यांचं एक सांगायलाच हवं. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी शेवटी होते, आणि ती करणाऱ्या कारागिराचा हात बसलेला असतो. आम्ही उलटे. माणसाच्या चेहऱ्याचे डोळे मी आधी उरकतो: गडद तपकिरी रेघ, तिच्यात मळकट पांढरा, मग बुबुळ. बुबुळाचा ठिपका द्यायचा नाही, उभी रेघ द्यायची. ठिपका दिला की योद्धा भूत पाहिल्यासारखा दचकलेला दिसतो. रंग पापणीबाहेर सांडला तर सांडू दे, नंतर कातडीचा रंग त्यावरून फिरवून तो झाकता येतो. पेणच्या कारागिराला ही मुभा नाही. तिथं आखणी चुकली तर लपवायला काही उरलेलं नसतं.

आता माझ्या फजितीकडे येतो. एका जुलैत दुपारी पाऊस थांबला म्हणून मी सहा गॉब्लिन बाल्कनीत ठेवून त्यांच्यावर प्रायमरचा स्प्रे मारला. दमट हवा. तासाभरानं पाहतो तर सहाही जणांवर रवा भुरभुरल्यासारखा खरबरीत थर. त्यावर कितीही सुबक रंग द्या, झगा गोणपाटाचा दिसणार.

जुन्या रंगकर्म्यांचा उपाय आहे डेटॉल. डबाभर निखळ डेटॉलमध्ये सैनिक रात्रभर बुडवायचे आणि जुन्या दातब्रशनं घासायचे. पाणी मात्र आधी लावायचं नाही. सुटलेला रंग पाण्यानं चिकट लगदा होऊन पुन्हा बसतो. आधी डेटॉलमध्येच खळबळायचं. हे मला पहिला गॉब्लिन वाया घालवल्यावर कळलं. आई सकाळी स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अरे, कोणाला लागलंय का? दवाखान्याचा वास सुटलाय घरभर."

चार स्वच्छ निघाले, पहिला कचऱ्यात गेला. सहाव्याच्या चुण्यांतला रवा काही केल्या सुटेना. तो दोन दिवस टेबलावर पडून होता आणि येता-जाता मी त्याच्याकडे पाहत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, हा झगा नव्हेच, हा दगड आहे.

मग सुरी घेतली. भाला कापला, एक हात कोपरात मोडला, लांबलचक नाक छाटलं. पडक्या मूर्तींची नाकंच आधी जातात. खाली खडक केला तो एम-सीलचा, नळ गळतो तेव्हा लावतो तोच. लवकर कडक होतो, म्हणून खडकाला झकास. त्यात हा पुतळा कमरेपर्यंत तिरका रोवला. राखाडी रंग दिला, वर तपकिरी पातळ रंग सोडला. मग ब्रशवरचा फिका रंग फडक्याला जवळजवळ पुसून टाकला आणि तो कोरडा ब्रश सगळ्या अंगावरून हलक्या हातानं फिरवला. रव्याचा कण न् कण उजळून उठला. असा पाषाण मला मुद्दाम करायचा म्हटला तर जमला नसता.

टोळीचा म्होरक्या त्या पुतळ्यावर पाय देऊन उभा करायचा होता. मूळ मूर्तीचे दोन्ही पाय सपाट. उजवा गुडघ्यात कापला, वाकवून चिकटवला. निळी आणि पिवळी पुटी मळून हिरवी झाली की ती फटीत दाबायची, ओल्या सुईनं कपड्याची चुणी ओढायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. टाचेत एक मिलिमीटरचं भोक पाडून पेपरक्लिपची तार घातली, तेव्हा कुठे म्होरक्या ठाम उभा राहिला.

हे गॉब्लिन ज्या जगातले, ते वॉरहॅमरचं जुनं जग १९८३ साली सुरू झालं. २०१५ मध्ये कंपनीनं कथेतच त्याचा शेवट केला, आणि २०२४ मध्ये ते 'द ओल्ड वर्ल्ड' नावानं परत आणलं. मधली काही वर्षं माझ्या चौकोनी बैठकीच्या गॉब्लिनांना चालू खेळ नव्हता. मी रंगवत होतोच. खरं सांगायचं तर माझा खेळ वर्षाकाठी दोनदा होतो, आणि दोन्हीदा मी हरतो.

जून ते सप्टेंबर स्प्रेचा डबा आता कपाटाबाहेर येत नाही. प्रायमर ब्रशनंच लावतो. छाटलेलं नाक, मोडलेला हात, भाला, सगळं एका बिस्किटाच्या डब्यात आहे. पुढचं काम गॉब्लिनांच्या दगडफेक्या यंत्राचं, आणि त्या डब्यात नेमकी दातेरी चाकं नाहीत. तेव्हा तुमच्या घरी चावीचं एखादं मनगटी घड्याळ कायमचं बंद पडून असेल, तर कृपा करून भंगारात देऊ नका.